पळस एक, नावे अनेक



फाल्गुन लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाला पळस दाखवावा लागत नाही. यवतमाळहून पांढरकवड्याकडे जा, नाही तर दारव्हा-दिग्रसवरून पुसदेकडे वळा. वावराच्या धुऱ्यावर, पडीत जमिनीत, नाल्याच्या काठाला हे वेडेवाकडे झाड पान टाकून उभे असते, आणि सारे अंग केशरी फुलांनी पेटल्यासारखे दिसते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावायला पळसाचेच पान लागते. पंगतीची पत्रावळ त्याच पानांची, धुळवडीचा रंग त्याच्या फुलांचा, पोटातल्या जंतावर वैद्य देतात ती पळसपापडी त्याच्या बियांची, आणि बाजारात कमरकस म्हणून मिळतो तो त्याचाच डिंक. इतके हे झाड आपल्या घरातले आहे.

मी भाषेचा अध्यापक. वनस्पतिशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण नाव हा तर भाषेचाच विषय आहे. आणि झाडांना शास्त्रीय नावे कशी पडतात, ती का बदलतात, एकाच झाडाची चार-चार लॅटिन नावे पुस्तकांत का आढळतात, हा प्रश्न शिक्षक मंडळी नेहमी विचारतात. जुन्या आयुर्वेदाच्या पुस्तकात पळसापुढे 'ब्यूटिआ फ्राँडोसा' असे छापलेले असते. नव्या पुस्तकात 'ब्यूटिआ मोनोस्पर्मा' असते. मुले विचारतात, गुरुजी, यातले खरे कोणते? या प्रश्नाचे उत्तर आज पळसाच्याच आधाराने पाहू. उत्तर मोठे मौजेचे आहे, आणि त्यात आपल्याही भाषेचा थोडा वाटा आहे.

आधी आपल्या बोलीतल्या नावांकडे बघा. मराठीत पळस. संस्कृतात पलाश, आणि फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा म्हणून किंशुक, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' हिंदीत कुठे ढाक, कुठे टेसू. तेलंगणाच्या बाजूला गेलात तर मोदुगा. आपल्याच जिल्ह्यात बंजारा तांड्यावर विचारले तर फुलाला केसुला म्हणतील. कोलामांच्या पोडावर आणि गोंडांच्या गावात त्यांच्या त्यांच्या बोलीतले नाव ऐकू येईल. इंग्रजीत त्याला 'जंगलाची ज्वाळा' अशा अर्थाचे नाव आहे. पण तेच नाव लोक गुलमोहराला आणि आफ्रिकेतून आलेल्या एका लाल फुलांच्या झाडालाही देतात. म्हणजे इंग्रजी नाव घेतले की घोळ मिटला, असेही नाही.

एका झाडाला अनेक नावे, ही झाली एक अडचण. दुसरी अडचण याहून अवघड आहे, ती म्हणजे एका नावाखाली अनेक झाडे. ब्राह्मी घ्या. कोणी वैद्य ओलसर जागी वाढणाऱ्या बारीक, मांसल पानांच्या वनस्पतीला ब्राह्मी म्हणतात, तर कोणी वाटोळ्या, बेडकाच्या पावलासारख्या पानांच्या मंडूकपर्णीला ब्राह्मी म्हणतात. दोन्ही औषधी आहेत. पण त्या दोन निराळ्या कुळांतल्या वनस्पती आहेत. शंखपुष्पीचे असेच आहे. पुडीवर नाव एकच, आत झाड कोणते हे पुडी बांधणाऱ्यालाच ठाऊक.

ही नुसती शब्दांची कसरत नाही. करोनाच्या साथीत गावोगावी लोकांनी गुळवेलीचा काढा घेतला. २०२१ साली मुंबईतल्या काही यकृततज्ज्ञांनी लिहिले की, गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झालेली आढळली. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने त्यावर उत्तर दिले. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पण तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे, आणि रोग्यांनी घेतली ती हीच गुळवेल होती हे आधी ठरवायला हवे होते, असे त्या उत्तराचे सार होते. डॉक्टरांनीही आपली बाजू मांडली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, वादाचा पहिला प्रश्न औषधाच्या मात्रेचा नव्हता, रोगाचा नव्हता. रोग्याच्या पोटात गेली ती वेल कोणती, हा होता. नाव पक्के नसेल तर पुढचे सगळे बोलणे हवेत राहते.

यासाठीच जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एक रीत ठरवली. स्वीडनचे कार्ल लिनिअस यांनी १७५३ साली 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ काढला आणि त्यात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटात आपण आडनाव आधी लिहितो आणि मुलाचे नाव मागून लिहितो, तसेच हे. आडनावावरून घराणे कळते, नावावरून त्या घराण्यातला नेमका माणूस कळतो. वनस्पतींच्या नावांचा हिशेब या १७५३ च्या ग्रंथापासून धरायचा, त्याआधीची नावे मोजायची नाहीत, असा पुढे नियम झाला. आणि दुसरा नियम असा की, एकाच जातीला दोघांनी दोन नावे दिली असतील तर जे नाव आधी रीतसर प्रसिद्ध झाले ते धरायचे. पाणवठ्यावर आधी आला त्याची घागर आधी.

नियम ऐकायला सोपे आहेत. आता ते आपल्या पळसाला लावून पाहू.

गोष्ट सुरू होते केरळात. सतराव्या शतकात मलबार किनाऱ्यावर डच लोकांचा अंमल होता. त्यांचा तिथला अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने तिथल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करवला. त्याचे नाव 'हॉर्टुस मलबारिकुस', म्हणजे मलबारची बाग. १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला त्याचे बारा भाग छापले गेले. झाडांची माहिती द्यायला इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते. आणि त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट असे तीन कोकणी बोलणारे पंडित होते. या तिघांनी नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्या भागात छापला आहे, आणि झाडांच्या चित्रांवर इतर लिप्यांबरोबर नागरी अक्षरांतही नावे कोरली आहेत. छापील पुस्तकात नागरी अक्षरे उमटल्याची ही अगदी आरंभीची उदाहरणे आहेत. १६८६ साली निघालेल्या सहाव्या भागात आपला पळस आला आहे. त्याचे तिथले नाव 'प्लासो'. उच्चार करून पाहा. पलाश आणि पळस यांचेच हे भावंड आहे हे सांगायला नको.

मात्र १६८६ हे साल १७५३ च्या आधीचे. म्हणून नियमाप्रमाणे रीडचा प्लासो नाव म्हणून मोजत नाहीत. पण चित्र आणि वर्णन मागे राहिले, आणि पुढे सगळ्यांना त्याचाच आधार झाला. १७६३ साली मिशेल आदाँसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या कुळांवर ग्रंथ लिहिला. देशोदेशीची मूळची नावे तशीच ठेवावीत असे त्याला वाटत असे. त्याने रीडचा 'प्लासो' हा शब्द उचलला आणि तो एका वंशाचे नाव म्हणून रीतसर छापला. म्हणजे पाहा, आपल्या पळसाचे नाव शास्त्राच्या दारातून आत शिरले.

त्यानंतर वीस वर्षांनी, १७८३ साली, दुसरा एक फ्रेंच शास्त्रज्ञ, लामार्क, त्याने पळसाला दोन शब्दांचे पुरे नाव दिले. ते होते 'एरिथ्रिना मोनोस्पर्मा'. एरिथ्रिना म्हणजे आपला पांगारा ज्या वंशात येतो तो वंश. लामार्कने पळसाला पांगाऱ्याच्या घरात का घातले, हे आपल्याला सहज समजेल. दोघांनाही तीन-तीन पाने, दोघांचीही फुले तांबडी-केशरी, दोन्ही झाडे पान टाकून मग फुलतात. 'मोनोस्पर्मा' याचा अर्थ एकबीजी. पळसाची चपटी शेंग हातात घ्या. टोकाशी एकच बी असते. पांगाऱ्याच्या शेंगेत मात्र बहुधा अनेक बिया असतात, आणि त्याच्या अंगावर काटे असतात; पळसाला ते नाहीत. लामार्कने घर चुकवले असेल, पण नाव देताना झाडाची खरी खूण पकडली.

तिकडे फ्रान्समध्ये हे चालले असता इकडे आपल्या देशात काय चालले होते? पूर्व किनाऱ्यावर तरंगमबाडी येथे लिनिअसचा एक शिष्य, योहान कोनिग, वनस्पती गोळा करत होता. १७८५ साली तो वारला. त्याचे कागद मागे राहिले. त्याचा स्नेही विल्यम रॉक्सबर्ग हाही त्याच किनाऱ्यावर झाडे पाहत होता, हिंदी चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेत होता. पुढे तो कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख झाला. त्याने कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ काढला. त्याचा पहिला खंड १७९५ साली पुरा झाला. त्यात पळस 'ब्यूटिआ फ्राँडोसा' या नावाने आला. पळस हा पांगाऱ्याच्या वंशातला नाही, त्याचा वंश स्वतंत्र आहे, हे या मंडळींनी बरोबर ओळखले. वंशाला नाव दिले 'ब्यूटिआ', ब्यूटच्या अर्लच्या सन्मानार्थ. हा गृहस्थ १७६२-६३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता आणि वनस्पतिशास्त्राचा मोठा आश्रयदाता होता. ज्याने बहुधा आपला पळस बहरलेला कधी पाहिला नाही, त्याचे नाव पळसाला चिकटले! 'फ्राँडोसा' म्हणजे पानांनी भरलेला. पत्रावळी लावणाऱ्या बाईला हे नाव पटेल. फाल्गुनात निष्पर्ण पळस पाहणाऱ्याला मात्र हसू येईल.

हिंदुस्थानात पुढची शंभर वर्षे रॉक्सबर्गचेच नाव चालले. हूकर साहेबांच्या संपादनाखाली १८७२ ते १८९७ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानची जी प्रसिद्ध वनस्पतिसूची निघाली, तिच्यातही पळस 'ब्यूटिआ फ्राँडोसा' म्हणूनच आहे. वैद्यकाच्या, शेतीच्या, जंगलखात्याच्या पुस्तकांनी ते तिथूनच घेतले. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत ते दिसते, ते यामुळे.

मग 'मोनोस्पर्मा' परत कसे आले? ते आणले पाणवठ्याच्या नियमाने. लामार्कचा 'मोनोस्पर्मा' १७८३ चा. 'फ्राँडोसा' त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आले. जातीचा शब्द जुना असेल तर वंश बदलला तरी तो शब्द बरोबर न्यायचा, असा नियम आहे. लेक सासरी जाते तेव्हा आडनाव बदलते, पण तिचे स्वतःचे नाव तेच राहते. काही घरांत नवऱ्याकडचे लोक लग्नात नावही बदलतात. वनस्पतिशास्त्राने मात्र ही मोकळीक ठेवलेली नाही. तेव्हा एरिथ्रिनाच्या घरातून ब्यूटिआच्या घरात आलेल्या मोनोस्पर्माला मोनोस्पर्माच म्हणायला हवे. हे काम १८९४ साली पाउल टाउबर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने केले, आणि नाव झाले 'ब्यूटिआ मोनोस्पर्मा'.

पण याच्या तीन वर्षे आधी एक गंमत होऊन गेली होती. १८९१ साली ओटो कुन्ट्झे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एक जाडजूड ग्रंथ काढून हजारो वनस्पतींची नावे बदलली. हा मनुष्य नियमाला अगदी चिकटून राहणारा. त्याचे म्हणणे असे की, 'आधी आले ते खरे' हा नियम जातीच्या शब्दाला लावता, मग वंशाच्या शब्दाला का लावत नाही? आदाँसाँने 'प्लासो' हे वंशाचे नाव १७६३ साली छापले आहे, 'ब्यूटिआ' त्यानंतरचे. म्हणून झाडाचे बरोबर नाव 'प्लासो मोनोस्पर्मा'! त्याचा तर्क बिनचूक होता. आपल्या पळसाचा पळसपणा लॅटिनच्या दरबारात जवळजवळ गादीवर बसला होता.

मग बसला का नाही? कारण कुन्ट्झेचे सगळे ऐकले असते तर जगभरच्या बागा, दवाखाने, वनखाती आणि शाळा यांची पुस्तके रातोरात निरुपयोगी झाली असती. शास्त्रज्ञांत मोठा गदारोळ झाला. शेवटी १९०५ साली व्हिएन्ना येथे जागतिक वनस्पतिशास्त्र परिषद भरली आणि तिने एक तोड काढली. जी नावे सर्वत्र रूढ झाली आहेत, ती नंतरची असली तरी राखून ठेवायची, आणि त्यांच्या आड येणारी जुनी नावे बाजूला ठेवायची. या राखीव नावांच्या यादीत 'ब्यूटिआ' आहे, आणि त्याच्यासाठी नाकारलेल्या नावांत 'प्लासो' आहे. भाषेचा माणूस म्हणून मला याची थोडी हळहळ वाटते, हे कबूल करतो. पण निर्णय शहाणपणाचा होता. नाव हे ओळखीसाठी असते. ओळखच मोडणार असेल तर नियमाला मुरड घालावी लागते. आपल्या ग्रामसभेतसुद्धा याहून वेगळे होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यातले खरे नाव कोणते, आणि बाकीच्यांचे काय करायचे? आज मान्य असलेले नाव एकच, 'ब्यूटिआ मोनोस्पर्मा'. 'एरिथ्रिना मोनोस्पर्मा', 'प्लासो मोनोस्पर्मा', 'ब्यूटिआ फ्राँडोसा' ही त्याची पर्यायी नावे झाली. पण पर्यायी म्हणजे टाकाऊ असे समजू नका. शेतकरी बंधूंना हे एका दाखल्याने चटकन पटेल. आपला सातबारा पाहा. आजोबांचे नाव कमी होऊन वडिलांचे लागते तेव्हा आजोबांचे नाव खोडून काढत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक टाकतात. उद्या धुऱ्याचा वाद निघाला तर तो कंसातला आजोबाच उपयोगी पडतो. वनस्पतीच्या नावांचे तंतोतंत असेच आहे. पळसाचे पुरे शास्त्रीय नाव लिहिताना 'ब्यूटिआ मोनोस्पर्मा' यापुढे कंसात लामार्क आणि कंसाबाहेर टाउबर्ट असे लिहितात. कंसातला तो पहिले नाव देणारा, बाहेरचा तो आजच्या वंशात आणून बसवणारा. हा झाडाचा फेरफारच समजा.

आणि हा फेरफार हाताशी नसेल तर नुकसान होते. पळसपापडीच्या जंतनाशक गुणांबद्दल, पळसाच्या डिंकाबद्दल, पळसावर लाख धरण्याबद्दल जुन्या लोकांनी जे लिहून ठेवले आहे, त्यातले पुष्कळसे 'फ्राँडोसा' या नावाखाली आहे. आजचा विद्यार्थी फक्त 'मोनोस्पर्मा' शोधत बसला तर त्याला वाटेल, जुन्यांनी काही लिहिलेच नाही. दोन नावे एकाच झाडाची, हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते सारे भांडार खुले होते. उलट, ही दोन निराळी झाडे आहेत असे समजून कोणी दोघांचे गुणधर्म वेगवेगळे लिहिले, तर एका चुकीच्या दहा चुका होतात.

पर्यायी नावांत आपल्या वऱ्हाडाचाही एक धागा आहे. कुठे कुठे पिवळ्या फुलांचा पळस आढळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडात विसाव्या शतकाच्या आरंभी विट नावाचे एक वनाधिकारी होते. त्यांनी वऱ्हाडच्या जंगलातल्या झाडाझुडपांची यादी केली, आणि पिवळ्या पळसाला 'ल्यूटिआ', म्हणजे पिवळा, असे प्रकाराचे नाव दिले. त्यांनी ते 'फ्राँडोसा'खाली दिले होते. पुढे महेश्वरी या भारतीय शास्त्रज्ञाने ते 'मोनोस्पर्मा'खाली आणले. आजच्या काही याद्यांत तर त्याला वेगळा प्रकारही न मानता मुख्य नावातच सामावून घेतले आहे.

मी हे मुद्दाम सांगतो. पिवळ्या आणि पांढऱ्या पळसाभोवती आपल्याकडे गुप्तधनाच्या आणि जादूटोण्याच्या कथा फार आहेत. एखाद्या शिवारात असे झाड असल्याचा बोभाटा झाला की रात्री माणसे येतात, साल ओरबाडतात, मुळ्या खणतात, आणि वर्षा-दोन वर्षांत झाड वाळते. शास्त्राने दिलेले नाव काय सांगते? हा पळसच आहे. वंश तोच, जात तीच, शेंगेत बी एकच. फक्त फुलाचा रंग निराळा. एकाच घरात एक भाऊ सावळा आणि एक गोरा निघतो, तशातला प्रकार. त्याच्या मुळाशी हंडा नसतो. दुर्मिळ झाड म्हणून ते जपावे, त्याचे बी धरावे, हेच त्याचे धन. एवढी एक गोष्ट गावातल्या चार पोरांना पटली तरी शास्त्रीय नावाची ही सारी खटपट कारणी लागली असे मी म्हणेन.

आता कोणी म्हणेल, झाले ते झाले. पण नावे अजून बदलत राहतात, त्याचे काय? खरे आहे. आपल्या जिल्ह्यात बाभूळगाव आहे. बाभळीला लिनिअसने १७५३ साली 'मायमोसा निलोटिका' म्हटले. नंतर ती 'अकेशिया' वंशात गेली. जुन्या पुस्तकांत ती 'अकेशिया अरॅबिका' आणि त्यानंतरच्या पुस्तकांत 'अकेशिया निलोटिका' आहे. एकविसाव्या शतकात असे ठरले की, अकेशिया म्हणून जो एक भला मोठा वंश धरत होते त्यात खरे तर अनेक घराणी आहेत. त्यांची वाटणी केली पाहिजे. मग 'अकेशिया' हे आडनाव कोणाकडे राहावे? २००५ साली व्हिएन्ना येथे ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांना देण्याचे ठरले. आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या पुष्कळांना ते रुचले नाही. पण २०११ साली मेलबर्नच्या परिषदेतही निर्णय तोच राहिला. त्यामुळे आपली बाभूळ आता 'वॅचेलिया निलोटिका' झाली आहे. वाटणीच्या वेळी वाड्याचे नाव कोणाच्या वाट्याला जावे यावरून भाऊबंदकी होते, तसाच हा प्रकार. जातीचा शब्द 'निलोटिका' मात्र लिनिअसपासून आजपर्यंत बरोबर चालत आला, हे ध्यानात घ्या.

कधी कधी बदलाचे कारण माणुसकीचेही असते. दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक वनस्पतींच्या नावांत 'काफ्रा' हा शब्द होता. त्याचे मूळ तिथल्या काळ्या लोकांना अपमानाने उद्देशून वापरलेल्या शिवीत आहे. २०२४ साली माद्रिदच्या परिषदेत मतदान होऊन तो शब्द काढावा आणि त्या जागी 'अफ्रा', म्हणजे आफ्रिकेचा, असा शब्द घालावा असे ठरले. दोनशेहून अधिक नावांना हा निर्णय लागू होतो, आणि त्यात आपल्या पांगाऱ्याचा एक आफ्रिकी भाऊ, 'एरिथ्रिना काफ्रा', हाही आहे. तेव्हा नावे बदलतात त्याला तीन कारणे दिसतात. कधी जुने कागद सापडतात, कधी झाडाचे खरे नाते नव्याने कळते, आणि कधी माणसांचे मन सुधारते.

शिक्षक बंधुभगिनींना यातून काही सुचवावेसे वाटते. पहिली गोष्ट, एखाद्या मुलाने पळसापुढे 'ब्यूटिआ फ्राँडोसा' लिहिले तर त्याच्या उत्तरावर लाल फुली मारू नका. 'हे जुने नाव आहे, आजचे नाव मोनोस्पर्मा' असे समासात लिहा. मुलगा दोन्ही शिकेल.

दुसरी गोष्ट, शाळेत झाडांची एक वही ठेवा. तिच्यात झाडाचे आजचे शास्त्रीय नाव, जुनी शास्त्रीय नावे आणि मराठी नाव यांबरोबरच मुलांच्या घरची नावेही लिहा. तुमच्या वर्गात कोलाम, गोंड, बंजारा, आंध, तेलुगू बोलणाऱ्या घरची मुले असतील. त्यांना म्हणावे, आजीला विचारून या. नुसते नाव लिहून भागणार नाही. त्या नावाशेजारी फुला-पानांसह झाडाची एक डहाळी कागदात दाबून, वाळवून, चिकटवून ठेवा, आणि ती कोणत्या गावाच्या शिवारातून, कोणत्या तारखेला आणली ते लिहा. डहाळी असेल तर पन्नास वर्षांनीसुद्धा नाव तपासता येते. डहाळी नसेल तर ते नाव फक्त ऐकीव राहते. रीडच्या ग्रंथात चित्र नसते तर प्लासो म्हणजे कोणते झाड, हे आज कोणाला सांगता आले असते?

तिसरी गोष्ट, हे काम अगदी शून्यापासून करायचे नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९३ साली यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवर कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. तो जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मिळवून पाहावा. हल्ली मोबाईलवर फोटो काढला की झाडाचे नाव सांगणारी सोयही झाली आहे. तिचा उपयोग जरूर करा. पण ती सांगते ते वाटाड्याचे बोलणे समजा, निकाल समजू नका. पान, फूल, शेंग आणि बी ग्रंथातल्या वर्णनाशी ताडून पाहिल्यावरच वहीत नाव चढवा. आणि ज्या झाडापासून औषध करायचे असेल त्याच्या बाबतीत तर नाव पक्के झाल्यावाचून एक पानही कोणाच्या पोटात जाऊ देऊ नका.

शेतकरी बंधूंना एवढेच सांगणे की, तुमच्याजवळची नावे तुम्ही हलकी समजू नका. रीडला झाडांची नावे सांगणारे मलबारचे वैद्य आणि कोकणी पंडित नसते तर लामार्कपुढे काही आलेच नसते. शास्त्राचे नाव जगाला जोडते, आणि बोलीतले नाव झाडाला माणसांशी जोडते. दोन्ही नावे एका ओळीत लिहिली गेली म्हणजे कोलामाच्या आजीला ठाऊक असलेला गुण दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचू शकतो, आणि प्रयोगशाळेत कळलेला धोका आजीपर्यंत येऊ शकतो. मध्ये नावाचा पूल हवा.

आपल्याकडे म्हण आहे, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. आपण ती जरा निराशेने वापरतो. कुठेही गेले तरी माणसाचे हाल तेच, अशा अर्थाने. पण वनस्पतिशास्त्राचा पाया या म्हणीतच आहे. मलबारात, तरंगमबाडीला, तेलंगणात आणि यवतमाळच्या माळावर पळसाला पाने तीनच, आणि शेंगेत बी एकच. माणसांनी दिलेली नावे पाच होवोत की पन्नास. ती सारी पुन्हा त्या तीन पानांशी आणून जोडायची, एवढेच नाव ठेवणाऱ्या शास्त्राचे काम आहे. येत्या फाल्गुनात मुलांना धुऱ्यावर न्या, शेंग फोडून ते एक बी दाखवा, आणि 'मोनोस्पर्मा' याचा अर्थ त्यांनाच सांगू द्या.